शून्य मिळालेल्यांची यादी

रात्रीचे सव्वाआठ झाले की आजही माझा हात आपोआप फोनकडे जातो आणि मग मी तो मागे घेते. गॅसवर भाजी असते, नवरा टीव्हीसमोर बसून काहीतरी विचारत असतो. ही माझ्या यादीची वेळ होती. त्या यादीनं काय केलं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं गणित शिकवतेय. मी लागले तेव्हा आठवीच्या चार तुकड्या होत्या. आता एक आहे. दर उन्हाळ्यात आम्ही शिक्षक पत्रकं घेऊन चाळीतून, टेकडीवरच्या वस्तीतून फिरतो आणि आईवडिलांची मनधरणी करतो, की पोराला पाचवीला आमच्याकडे घाला. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. मग तो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि जिकडे पाठवतील तिकडे जातो. पन्नाशी उलटल्यावर हा शब्द आपल्या नावापुढे लागेल या धास्तीनं मी गेली काही वर्षं मे महिना काढलाय. आम्ही दारात उभे राहिलो की आत घ्यायच्या आधी लोक विचारतात, “तुमच्या शाळेत डिजिटल आहे का?” डिजिटल म्हणजे नेमकं काय हवंय ते त्यांना सांगता येत नाही. आम्हालाही येत नव्हतं.

आमच्या मुख्याध्यापिका माझ्याच हाताखालून गेलेल्या. सभेत मी त्यांना मॅडम म्हणते, केबिनचं दार लागलं की तू म्हणते, आणि ती मला बाई म्हणते. जूनमध्ये तिनं मला बोलावून घेतलं.

“बाई, आठवीचा गणिताचा गृहपाठ फोनवर घेऊ या. रोज दहा प्रश्न, सहा ते आठ. तपासायचं काम ॲप करेल. तुमचं वह्यांचं ओझं जाईल.”

“मला कुठे जड झालंय ते ओझं?”

“तुम्हाला नाही झालं. पण या पोरांना आता वही नकोशी वाटते ना. आणि पालकांना रोज फोनवर मार्क दिसले की त्यांना पटेल, शाळा काहीतरी करतेय. नाहीतर पुढच्या वर्षी ही तुकडीपण राहायची नाही. मग तुम्ही कुठे आणि मी कुठे?”

तिचं चुकत नव्हतं. ते मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते. शाळेनं बदलायला हवं होतं, आणि बदलायची धमक आमच्यात फक्त तिच्यात होती.

सुरुवातीला मी भरपूर कुरकुर केली. माझी मुलगी मला ते ॲप शिकवायला बसली तेव्हा म्हणाली, “आई, तू दाबत नाहीयेस, ठोकतेयस.” पण पंधरा दिवसांत मला ते जमलं, आणि जमल्यावर असं आवडलं की विचारू नका. आठ वाजले की एक्केचाळीस पोरांचे मार्क समोर. कोण कुठे चुकलं ते रंगांत दिसायचं. वह्यांचे गठ्ठे रिक्षात घालून घरी न्यायचं बंद झालं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा रविवार मिळाला आणि मी दुपारी झोपले. वह्या मागायच्या मी हळूहळू विसरले, असं लिहिणं खोटं होईल. विसरले नाही. मागायच्या थांबले.

हे सगळं सुरू करायच्या आधी आम्ही रीतसर माहिती घेतली होती. वर्गात एक कागद वाटला. घरी स्मार्टफोन आहे का? हो किंवा नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरांनी ‘हो’ लिहिलं. मुख्याध्यापिकेनं तो आकडा शिक्षकसभेत वाचला, आणि सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. सहा ते आठ या वेळात तो फोन घरात असतो का, हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यादी मात्र माझी. ती मला कुणी सुचवली नाही.

आमच्या शाळेतली जुनी पद्धत अशी, की गृहपाठ न केलेल्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. मी स्वतः याच शाळेत विद्यार्थिनी होते तेव्हा माझंही नाव तिथे लागलंय आणि मी त्यानं मेले नाही. म्हणून मी तीच पद्धत उचलली आणि पालकांच्या ग्रुपवर नेली. रोज सव्वाआठला लिहायचे, ‘आज शून्य मिळालेले विद्यार्थी’, खाली नावं, आणि त्याखाली ‘सबबी चालणार नाहीत.’ फळ्यावरची नावं पुढच्या तासाला दुसरे शिक्षक आले की पुसली जायची. ग्रुपवरची कुणी पुसत नाही, आणि ती आजी, मामा, शेजारीपाजारी सगळे वाचतात. हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. मी गणिताची बाई आहे.

पहिल्या आठवड्यात यादीत सात नावं होती. मग तीन राहिली. जुलै संपता संपता एकच उरलं, आणि ते रोज असायचं.

ती मुलगी खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायची. अबोल, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. कंपासपेटी इतकी नीटनेटकी, की मी इतरांना तिची दाखवायचे. फळ्यावर बोलावलं की गणित अचूक सोडवायची. आणि घरी शून्य. मला याचा एकच अर्थ लागला, की हुशारी आहे पण अंगात आळस भरलाय. एकदा भर वर्गात मी विचारलं, “घरी काय करतेस गं? रील्स बघत बसतेस ना?” वर्ग हसला. तिनं मान खाली घातली. मी ती कबुली धरली.

मला तिची काळजी वाटत होती असं आज म्हणावंसं वाटतं. खरं तर मला वर्गाच्या सरासरीची काळजी होती. तिच्या एकटीच्या शून्यानं ती रोज खाली यायची, आणि गणपतीच्या सुट्टीनंतरच्या पालकसभेत मुख्याध्यापिका तो आलेख पडद्यावर लावणार होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्या आलेखाची घसरलेली रेघ दिसायची आणि झोप उडायची.

गणपतीला चार दिवस राहिले असताना तिचे वडील शाळेत आले. जेवण पोचवायचं काम करतात. पाठीवर ती चौकोनी पिशवी, हातात हेल्मेट, शर्ट पाठीला चिकटलेला. शिक्षकखोलीच्या दारातच थांबले.

“बाई, पोरीचा दाखला पाहिजे.”

“का हो? मध्येच?”

“गणपतीला गावी चाललोय. कणकवलीच्या पुढे घर आहे आमचं. तिला तिथेच ठेवतो भावाकडे. तिथल्या शाळेत बोलून झालंय. इथे तिचं लक्ष नाही लागत. तुम्ही रोज लिहिता, मी रोज वाचतो. हॉटेलच्या बाहेर पार्सलला उभा असतो, तेवढ्यात तुमचा मेसेज येतो. सोबतची पोरं पण बघतात. चाळीत विचारतात, काय रे, तुझी पोरगी नापास होणार काय? मी म्हटलं, मुंबईत बिघडण्यापेक्षा गावाला नीट शिकेल.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या डॉक्टरशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलत होते. आणि मी काय केलं? मी म्हटलं, “तुमचा निर्णय योग्यच असेल.” वर मनात हिशेब केला, की आता सरासरी सुधारेल. पट एकानं कमी होतोय हे नंतर आठवलं. पोर जातेय, हे सगळ्यात शेवटी.

कार्यालयातून कारकुनानं दाखल्याचा कागद माझ्याकडे पाठवला, कारण दोन रकाने वर्गशिक्षकानं सांगायचे असतात. वर्तणुकीपुढे मी ‘चांगली’ लिहिलं. अभ्यासातील प्रगतीपुढे पेन जरा थांबलं. मग फोन उघडून तिची शून्यं पाहिली आणि ‘असमाधानकारक’ लिहिलं. सही केली.

मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. हातात गणिताची वही.

“बाई, ही तपासायची राहिलीय. नव्या शाळेत मागतील.”

मी घड्याळ बघतच वही उघडली. पहिलं पान, एक जुलै. समांतर रेषा आणि छेदिका, दहा प्रश्न, दहाही सोडवलेले. आकृती पेन्सिलनं, कोनांना नावं दिलेली. दुसरं पान, दोन जुलै. मी पानं उलटत गेले. ॲपवर मी टाकलेला एकूण एक प्रश्न तिथे होता, तारखेसकट.

“हे कधी सोडवलंस?”

“रोज. मैत्रिणीच्या फोनवरून प्रश्न उतरवून घ्यायचे. तिच्या दारात उभी राहून.”

“मग ॲपवर का नाही टाकलंस?”

“ॲपला बाबांचा नंबर दिलाय. त्याच्यावर कोड येतो. फोन बाबांच्या गाडीला लावलेला असतो, रस्ता बघायला. बाबा साडेदहाला येतात. तोपर्यंत बंद होतं ना.”

“अगं, पण मला सांगायचंस की! बाबांना तरी सांगायचंस.”

“बाबांना सांगितलं तर ते काम सोडून लवकर येतील. आणि तुम्ही लिहिलं होतं, सबबी चालणार नाहीत.”

ती हे सगळं साध्या आवाजात सांगत होती. मी तिचा हात धरला आणि तिला घेऊन व्हरांड्यात आले. तिचे वडील दाखल्याची वाट बघत बाकावर बसले होते. मी वही त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली आणि भराभर सांगत सुटले. कुठे शिक्षकखोलीतले ऐकतील, कुठे शिपाई ऐकेल, याचं मला भान राहिलं नाही. सत्तावीस वर्षांत मी कुठल्या पालकाला ‘माझं चुकलं’ म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तीनदा म्हटलं.

त्यांनी पाचसहा पानं उलटली. मध्येच त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी बघितला नाही.

“म्हणजे ही अभ्यास करत होती.”

“सगळा.”

“आणि फोन माझ्या गाडीला.” त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “बाई, माझा नंबर होता ना तुमच्याकडे. रोज त्याच नंबरवर हिचं नाव टाकत होतात. एकदा फोन करायचा ना यार.”

 

मी म्हटलं, “दाखला नेऊ नका. मी हिचा गृहपाठ वहीत घेईन. ग्रुपवर आजच सगळ्यांसमोर लिहिते. हिला इथेच राहू द्या.”

त्यांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “राहू दे मग. बाई एवढं म्हणतायत तर. भावाला मी कळवतो.” आणि माझ्या जिवात जीव आला.

“नको बाबा,” ती म्हणाली. “मी गावाला जाते.”

“अगं, आता बाईंनी सांगितलं ना?”

“काकांनी चौकशी केलीय. तिथले सर रोज वही बघतात.”

तिनं मला टोमणा मारला नव्हता. तशी ती मुलगीच नव्हती. ती वडिलांना कारण सांगत होती, आणि कारण बरोबर होतं. मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिनं नेहमीसारखी मान खाली घातली नाही.

पुढे शाळेत बरंच झालं. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर माफी लिहिली आणि यादी बंद केली.  मुख्याध्यापिकेनं नवा कागद काढला, घरात फोन कुणाचा, किती वाजता घरी येतो, किती भावंडं तो वापरतात. केबिनमध्ये बसून आम्ही दोघींनी उत्तरं वाचली आणि सगळी पद्धत बदलली. आता प्रश्न सकाळच्या तासाला फळ्यावर येतात, ॲपवर उत्तरं द्यायला पुढचे दोन दिवस असतात, आणि शनिवारी वह्या येतात. माझे रविवार गेले. पण आणखी काय माझ्या नजरेतून सुटत असेल, या धसक्यानं मी वर्गात एकेक तोंड बघत राहते, आणि पोरांना वाटतं बाई रागावल्यात.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी कार्यालयात गेले, माझा कागद परत घेतला आणि नव्या कागदावर प्रगतीपुढे ‘उत्तम’ लिहिलं. मग व्हरांड्यातल्या त्या बाकावर तिच्या शेजारी बसले, लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून वही तपासायला घेतली. तास झाल्याची घंटा वाजली तरी उठले नाही. वडील पिशवी पायाशी ठेवून उभे होते. पूर्ण वहीत दोन चुका निघाल्या. तिनं त्या तिथेच सुधारल्या, मला दाखवल्या, माझी सही झाल्यावर दाखला वहीत घातला आणि वडिलांच्या मागोमाग जिना उतरून गेली.