शांताक्काचं बियाणं

शांताक्काला काहीही विचारलं, की ती म्हणायची, "ह्येनला इचारा." आणि नवरा उठून गेला, की मग उत्तर द्यायची. जोयड्याच्या जंगलात अणशीजवळच्या तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला ही रीत ठाऊक नव्हती. एका संस्थेसाठी मी गावोगाव फिरत होते. शेतीत सगळ्यात मोठा धोका कशाचा, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. छापील कागदावर उत्तरासाठी प्रत्येक घराला एकच चौकोन होता.

तिचा नवरा गोविंदभाऊ ओट्यावर बसून सांगत होता: गवे, डुकरं, माकडं, लांबलेला पाऊस. मी लिहिलं. तो गुरं सोडायला गेला, तशी शांताक्का सूप घेऊन बाहेर आली.

"त्येनी सांगितलं त्ये खरंच हाय. पर गवा आला तर कुत्रं भुंकतं. लावणीत माझी कंबर धरली तर कोण भुंकणार, बाय?"

चौकोन भरला होता. मी हसले आणि कागद पिशवीत घातला.

ती वारेपर्यंत, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं, मी तिच्याकडे जात राहिले. तोच चढ, तेच प्रश्न, कंटाळा यायचा. तिलाही यायचा. "पुन्हा धोकाच इचारतीस? औंदा जेवलीस का, असं तरी इचार."

परसात ती कोनफळं लावायची. ती त्यांना नुसतं कोन म्हणे. त्यातली एक जात तिच्या आईकडून आलेली. तो कंद इतका खोल जातो, की डुकराला उकरून काढता येत नाही. माणसालाही छातीएवढा खड्डा खणावा लागतो, आणि खणायची तीच. "विहीर पाडतीया," गोविंदभाऊ चिडवायचा. पण एका साली डुकरांनी भाताचं शेत लोळवलं, तेव्हा घर त्याच कंदांवर जगलं.

काढणी झाली, की सगळ्यात चांगले कंद आधी बियाण्याला बाजूला काढायचे आणि उरलेले चुलीकडे न्यायचे, ही तिथल्या बायकांची रीत. बियाण्याची टोपली राख घालून माळ्यावर जाते. एका वर्षी जोयड्याला कंदांचा बाजार भरला, तेव्हा शांताक्का लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. गोविंदभाऊनं बाजारासाठी घरातले सगळ्यात देखणे कंद शोधले. ते अर्थातच माळ्यावर सापडले. टोपली रिकामी करून तो खुशीत परत आला. लोक फोटो काढत होते, म्हणे.

लेकीकडून परतल्यावर ती भांडली नाही. "चांगलं हाय म्हणून त्येनी इकलं. चांगलं हाय म्हणून मी ठेवलं हुतं," एवढंच म्हणाली आणि बियाणं शोधायला चालू लागली. पावसाआधी एक तरी कंद लावला नाही, तर ती जात संपली. बियाणं एका घरात ठेवू नये, म्हणून तिनं ते आधीच चार घरी वाटलं होतं. नणंदेकडे गेली, तर नणंद आजारी. खणायला कोणी नाही, म्हणून दोन वर्षं लावलंच नव्हतं. आगगाडीनं कॅसलरॉकच्या मावसबहिणीकडे गेली. तिथं सुनेनं परसात फरशी घातली होती. पाऊस आठवड्यावर आला, तेव्हा ती रामनगरला माझ्या दारात उभी राहिली.

"बाय, दोन साली मागं तुला एक कोन दिला हुता. लावलास न्हवं?"

मी तो उकडून खाल्ला होता. तसं सांगितलं.

"ग्वाड हुता?"

"होता."

"व्हय, असतोच."

पाणी पिऊन ती पायरीवरच बसून राहिली. पाय सुजले होते. डुकरांना जे जमलं नव्हतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं.

चौथं घर उरलं होतं. तिच्या गावची पार्वती जंगल सोडून रामनगरच्या बाहेर राहायला आली होती. तिनं पेरूच्या झाडाखाली एक कोन लावला होता आणि तो काढायचा राहून गेला होता. मी सोबत गेले. त्या दोघींनी खणला, मनगटाएवढा निघाला. शांताक्कानं कोयत्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि कापलेल्या बाजूंना राख चोळली. एक पदरात बांधला, दुसरा पार्वतीच्या हातात दिला.

"काढशील तवा निरोप धाड."

तिसरा तुकडा सहज निघाला असता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कोयता पुसून ठेवला.