ठुशीखालची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? ते मलाही ठाऊक नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. खामगावच्या आमच्या घरात माझी धाकटी नणंद होती, कुसुम. तिच्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ आली. घरचे पुरुष कापसाच्या हंगामात अडकलेले, म्हणून तिला अकोल्याला मीच नेलं. गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला गेला. निकाल ऐकायला मी आत, ती बाहेर बाकावर. डॉक्टर म्हणाले, लक्षण बरं नाही, कॅन्सरचा संशय आहे, ऑपरेशन लवकर करा.

आणि घरी येऊन मी काय सांगितलं? साधी गाठ आहे म्हणाले.

मलकापूरचे पाहुणे तिला पाहायला येणार होते ना. तिचं लग्न मोडेल ही काळजी? छे. आमचं एका चुलीवर पटत नव्हतं, मला ती घरातून जायला हवी होती — एवढंच. गिळताना गाठ वरखाली व्हायची. मी सासूबाईंची ठुशी तिच्या गळ्यात घट्ट बांधली आणि बजावलं, पाहुण्यांसमोर पाणी पिऊ नको. ती प्यायली नाही. लग्न जमलं, ठुशी तिच्या गळ्यातच सासरी गेली.

वर्षभरात गाठ ठुशीखाली मावेना. सासरच्यांनी तिला नागपूरला नेलं. सोबतीला मी गेले — नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ऑपरेशनच्या सकाळी नर्सने दागिने उतरवायला सांगितले. ठुशीचा दोरा सोडताना, चोराच्या मनात चांदणं, मीच बडबडले — अकोल्याच्या डॉक्टरांना तेव्हा कळलं नसेल.

"कळलं होतं, वहिनी. दार उघडंच होतं. मी बाहेर बसून सारं आयकलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमाले मी घरात नोको होती नं." मग हळूच म्हणाली, "आजबी डाक्टर पाणी पिऊ नोको म्हनतात."

म्हणजे पाहुण्यांसमोर बसली तेव्हाही — तिला माहीत होतं? मी दोरा बांधत होते तेव्हाही?

कुसुम वाचली. आवाज मात्र गेला, कुजबुजल्यासारखं बोलते. दिवाळीला माहेरी येते. पाण्याचा तांब्या मीच पुढे करते. ती सगळ्यांसमोर बसून, सावकाश, सगळं पाणी पिते. मी तिच्या गळ्याकडे बघत नाही.