आण्णांच्या गुडघ्याएवढी जागा

धाकटा भाऊ दिवाळीला कोइमतूरहून आला तो खोलीएवढी एसयूव्ही घेऊन. तिकडं त्याचं सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं दुकान आहे. नवी गाडी आधी औंधला यमाईपुढं न्यायची, नारळ फोडायचा आणि मगच विट्याला दारात आणायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. तो पाळून गाडी दारात उभी राहिली आणि शेजारची माझी तांबडी हॅचबॅक एकदम खेळण्यातली दिसायला लागली. मला राग आला, खोटं कशाला सांगू.

माझी गाडी स्पोर्टी आहे. काळं छत, सीटांना लाल दोऱ्याची शिवण, माणूस आत रुतून बसेल अशा खोलगट सीटा. नोकरीसाठी सांगलीला जाताना सरळ रस्ता लागला की ती अशी उधळते की चाळिशी उलटल्याचा विसर पडतो. बायको याला चळ म्हणते. असेल.

पण त्या भाऊबीजेला प्रश्न दिमाखाचा नव्हता. आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वडूजला धाकट्या आत्याकडं न्यायचं होतं. पडल्यापासून आण्णांचा उजवा गुडघा वाकत नाही, आणि आत्याचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती जागेवरच आहे. वर्ष उलटून गेलं तरी बहीण-भावाची गाठ नव्हती. फोन जोडून द्यावा तर दोघांनाही ऐकू कमी. 'बरं हाय न्हवं' एवढं ओरडून दोघं फोन ठेवायची. 'एकदा तिला डोळ्यानं बघतो, मग काय बी हुंदे,' असं आण्णा म्हणायला लागले होते.

मग अंगणात दोन्ही गाड्यांची मापं सुरू झाली. भाऊ मोबाईलवरून वाचून दाखवायचा, पायाला जागा किती, डोक्याला किती, जमिनीपासून उंची किती. मोबाईलवर त्याचीच गाडी जिंकत होती. पण आण्णांना तिच्याजवळ नेलं तर आत जायची पायरी त्यांच्या मांडीला लागली. माझ्या गाडीत ते बसले, म्हणजे पडलेच. सीट पार मागं सरकवल्यावर पाय कसाबसा मावला, पण त्यांना बाहेर काढायला दार सताड उघडून आम्हा दोघांना ओढावं लागलं.

"आरं, म्हस टेंपोत कशी चढवता?" आण्णा वैतागले. "वट्याला लावा की गाडी."

भावानं एसयूव्ही ओट्याला लावली आणि आण्णा सरळ पायानं चालत आत गेले. भाऊ माझ्याकडं बघून हसला.

आत एवढी जागा, तरी आण्णा दाराला चिकटून, अंग चोरून बसले. "आवं आण्णा, ऐसपैस बसा की," भाऊ म्हणाला.

"असू दे. वाटंत कुणी हात केला तर?"

आण्णांनी विटा-वडूज रस्त्यावर वर्षानुवर्षं वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन सीटा भरायची, जीप चालवली. त्यांना गाडीचं माप माणसांत कळायचं. चालकाच्या सीटवर त्यांच्या उजव्या हाताला एक माणूस असायचा, डावीकडं तिघं, आणि गियर टाकायचा तर कुणाला तरी गुडघा बाजूला घ्यायला सांगायचं. कोंबडीची पाटी टपावर, नवरी आत, मास्तर मागं लोंबकळत. 'गाडी भरली' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. 'सरका की जरा, पावनं हायती,' एवढंच. त्या डिझेलच्या आणि घामाच्या वासाची मला अजून आठवण येते. तशी दाटी आता पैसे मोजूनही मिळायची नाही.

भाऊ आण्णांना घेऊन पुढं, मी फराळाचे डबे घेऊन मागं, असे आम्ही वडूजला पोचलो. आणि तिथं आमची अक्कल उघडी पडली. आत्याच्या बोळात एसयूव्ही शिरेना. चढवायला ओटा शोधला होता, उतरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी गाडी कोपऱ्यावरच्या देवळाच्या पाराला लावली, आण्णांना पाराच्या पायऱ्यांवरून हळूहळू खाली आणलं आणि माझ्या गाडीत घातलं. आता मी हसलो.

माझं हसू बोळाच्या टोकापर्यंतच टिकलं. आत्याचं दार माझ्या बाजूला आलं आणि आण्णांच्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. त्यांचं दार अर्धंच उघडलं. तेवढ्यातून तो पाय निघेना. गाडी मागं घेऊन उलटी लावावी म्हणून मी गियर टाकला, तोवर आतून आत्याचा आवाज आला, "हितंच थांबीव. मीच येते."

भावानं आणि तिच्या मुलानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. मी उतरलो आणि माझ्या जागेवर तिला बसवलं. मूठभर झाली होती. त्या खोलगट सीटमध्ये ती दिसेनाशीच झाली. निरांजन लावलेलं ताट तिच्या हातात दिलं. तिनं बसल्या बसल्या आण्णांना ओवाळलं. दोघांच्या मध्ये ताट फिरवण्यापुरतीच जागा होती. लाल शिवणीवर तेल सांडलं, सांडू दे.

मग आत्यानं ताट माझ्याकडं दिलं आणि आण्णांच्या ताठ गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा, पहिल्यांदा सासरला सोडाय आलतास, तवा बी मी जीपमदी अशीच तुज्याजवळ बसलेली. हितवर एक शबूद बोलला न्हाईस. मला वाटलं, जड झालते तुमास्नी."

आण्णा समोरच्या काचेतून बोळाकडं बघत राहिले. मला वाटलं, त्यांना ऐकूच आलं नाही.

"गाडीत माणसं हुती," ते म्हणाले. "माणसांम्होरं कसा रडू?"

आम्ही काचा वर केल्या आणि लांब जाऊन उभे राहिलो.