भिंगरी आणि गिळलेला ठोका

"मी बघत असलो की शहाण्यासारखं चालतंय. नजर काढली की ठोका गिळतंय."

"कोण गिळतंय?" बायकोने चहाचा घोट घेत विचारलं.

"माझाच ड्रायव्हर. दुसरं कोण?"

हा भिंगरी. पायाला भिंगरी बांधूनच जन्मला, म्हणून कचेरीत हे नाव पडलं. काम काय, तर हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र यूएसबीच्या वायरीने संगणकाला जोडतात, त्या दोघांमधला हमाल लिहायचा. या हमाल प्रोग्रामलाच ड्रायव्हर म्हणतात. वायरीतून आकड्यांची धार लागलेली असते. ड्रायव्हर तिच्याखाली डबे धरतो, भरलेला डबा पडद्यावर रेघ काढणाऱ्या प्रोग्रामपुढे ठेवतो, तो उपसून झाला की परत धारेखाली लावतो.

आणि मधूनच एखादा ठोका गायब. धडधाकट माणसाचं काळीज डॉक्टरला अडखळताना दिसायचं. भिंगरीने वायरी बदलल्या, संगणक बदलला, यंत्राला शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी काय होतंय ते कळावं म्हणून दर डब्यामागे नोंदीची एक ओळ छापायला लावली, तर ड्रायव्हर सुतासारखा सरळ वागायला लागला. ओळ काढली की पुन्हा चोरी.

काल कचेरीतली साहेबीण म्हणाली होती, "मग ओळ राहू द्या. उद्या संध्याकाळी यंत्रं दवाखान्यात जायची आहेत." भिंगरीला ते पचलं नव्हतं. का सुधारलं तेच माहीत नाही, तर सुधारलं कसं म्हणायचं?

बोलता बोलता तो उठला, बायकोच्या पुढ्यातला कप उचलला आणि नळाखाली धरला.

"अहो, अर्धा चहा होता त्यात. रोजचंच आहे तुमचं. माणसाच्या तोंडात घास असतो, तोवर ताट विसळून मोकळे. उतावळा नवरा नुसता."

भिंगरी कप हातात घेऊन उभाच राहिला. मग नळ तसाच सोडून, शर्टाची बटणं वाकडीतिकडी लावत बाहेर पडला.

"नळ कोण माझा बाप बंद करणार?" मागून आवाज आला.

कचेरीत ड्रायव्हरचा प्रोग्राम उघडला. तेच निघालं. डबा पुढे ठेवला की उपसून होण्याची वाट न बघता ड्रायव्हर तो ओढून परत धारेखाली लावत होता. जुन्या ठोक्यावर नवा सांडत होता. ओळ छापण्यात जरा वेळ जायचा, तेवढ्यात रेघ काढणारा बिचारा प्रोग्राम डबा उपसून घ्यायचा. दवाखान्यातला संगणक दमलेला असता, तर तेवढ्या वेळातही भागलं नसतं. लिहिणारा जसा, तसाच हमाल.

"सापडलं ना?" साहेबीण म्हणाली. "मग भरा गाडीत."

"दुरुस्त केलंय. पण ओळ न छापता दिवसभर चालवून बघणार. गाडी उद्या."

"दवाखान्याला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, आमच्या माणसाने घाई केली होती."

"आणि तुम्ही दिवसभर एका जागी बसणार?" ती हसली. "बघतेच."

भिंगरीने दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीत अडकवले आणि चाचणी सुरू केली.