निवळत ठेवलेलं पाणी

बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते त्या दिवशी मी पिण्याच्या पाण्यात मूठभर तुरटी कुटून टाकली, आणि पाहुणे दारात येईपर्यंत ते पाणी ढवळत बसलो.

माघातच अवकाळी पाऊस झाला होता. नालवाडीच्या आमच्या विहिरीला कठडा नव्हता, शेतातली काळी माती सरळ आत उतरली. आईची रीत साधी. तुरटीचा खडा पाण्यानं भरलेल्या पितळी गुंडात दोन-चार वळसे फिरवायचा, झाकण ठेवायचं आणि मग त्या गुंडाजवळ जोरात पायही वाजवायचा नाही. कपबश्या मागायला शेजारी जाताना ती मला बजावून गेली, “बावा, गुंडाले हात नको लावजो.”

पण मी इंटर सायन्सला. मातीचे कण एकमेकांना दूर लोटतात म्हणून तरंगतात, तुरटीनं ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात, एवढं मी वर्गात ऐकलं होतं. त्या गुठळ्या नाजूक असतात, ढवळलं की मोडतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा मी बाकावर स्वतःचं नाव कोरत होतो.

“भाऊ, काऊन ढवळून राह्यला?” बहीण म्हणाली. “पाणी तर चहासारखं दिसते!”

“मंग चहाच करायचा आहे ना!”

ती हसली. खुशीत होती त्या दिवशी. मुलगा आर्वीकडचा शाळामास्तर. लग्नानंतर हिला मास्तरकीचं शिकवीन, असा त्यानं आधीच निरोप धाडला होता.

शेवटी बाबांच्या धोतरातून गाळून ते पाणी मी चुलीवर चढवलं. बहिणीनं त्यात दूध ओतलं, आणि ते फाटलं. आईनं धावत शेजारचं दूध आणलं. तेही फाटलं. पाणी तेच होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं, पण मी गप्प. तेवढ्यात मुलाची आई आत डोकावली. “शुभ कामात दूध फाटलं, अन् तेही दोनदा?”

तेव्हा मात्र मला कंठ फुटला. मातीसारखेच दुधातले कणही तुरटीनं कसे एकत्र येतात, हे मी बैठकीत उभं राहून समजावलं. मुलाच्या मामानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“म्हणजे पाहुण्याले तुरटी पाजता तुम्ही?”

पत्रिका जुळत नाही, असं आठवड्यानं मध्यस्थ सांगून गेला. पत्रिका तर आधीच जुळली होती.

वर्षभरात तिला पुलगावच्या एका बिजवराला दिली. किराण्याचं दुकान, पदरात दोन मुलं. शिकण्याचा शब्द त्या घरात कोणी काढला नाही, आणि आमच्याही. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी नुकताच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. तिला हसवावं म्हणून म्हणालो, “त्या दिवशी मी थोडं अजून ढवळलं असतं, तर निवळलं असतं पाणी.”

ती हसली नाही. म्हणाली, “तू नुसता बसून राह्यला असता ना भाऊ, तर आज मी मास्तरीण असती.”