तांडेलाचा आवाज

"वारो खंयचो?"

समुद्रावरच्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न हाच. आमच्या पेडण्याच्या वाचनालयात कुणी रंगात येऊन आरमारी लढाईचं वर्णन करू लागलं की ते मान तिरकी करून ऐकत, आणि सांगणारा श्वास घ्यायला थांबला की हळूच विचारत. सांगणाऱ्याला वारा कुठे माहीत असणार! मग ते खिडकीबाहेर बघू लागत. म्हणजे ती लढाई त्यांच्यापुरती झालेलीच नाही, असं आम्ही समजून घ्यायचं.

केरी-तेरेखोल फेरीबोटीचं चक्र तीसेक वर्षं त्यांच्या हातात होतं. बोट चालवणाऱ्याला आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून पात्रांव म्हणतात. निवृत्त झाले तरी ते सगळ्यांचे पात्रांवच राहिले. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. दर शनिवारी केरीहून बसने येऊन, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक ते माझ्या टेबलावर ठेवत. पुस्तक नेहमी एकाच मालिकेतलं: मराठा आरमारातल्या एका तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याची, सात खंडांची कादंबरी. आमच्याकडे तिचं वेड होतं. शनिवारी दुपारी चार-पाच जण त्याच गप्पांसाठी जमायचे. इतिहासाचे निवृत्त मास्तर त्यांतले मुख्य. त्यांना सनावळ्या पाठ, पात्रांवांना माणसं. कुठल्या खलाशाचा कोणता दात पडलेला होता, तेसुद्धा पात्रांव सांगत.

एकदा मास्तरांनी पुस्तक पुढे करून म्हटलं, दाखवा बघू कुठे लिहिलंय ते. पात्रांवांनी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला म्हणाले. मी त्यांना कधीच चष्म्यात पाहिलं नव्हतं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते पुढे, तेरेखोलला एका लग्नाला जाताना. फेरीला वेळ होता म्हणून त्यांच्या घरी डोकावले. सोप्यावर पात्रांव जाळं सांधत बसले होते आणि त्यांची बायको, आमच्या काकी, मांडीवर तिसरा खंड घेऊन मोठ्याने वाचत होत्या. काकी शिरोड्याच्या, मराठी सातवी शिकलेल्या. त्या नुसतं वाचत नव्हत्या. तांडेलाचं बोलणं आलं की आवाज खाली नेत, घशातून, सावकाश, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा. एवढ्याशा बाईच्या तोंडून तो आवाज ऐकून मी पायरीवरच थांबले.

मला बघून पात्रांव ओशाळले. दोन यत्ता पुर्तुगेज शिकलो नि होडीवर गेलो, म्हणाले. "माका मराठी अक्षरां दिसतत, बाये. पण बोलनत नाय." मास्तरांना सांगू नको, असंही म्हणाले. मी नाही सांगितलं.

सहावा खंड अर्ध्यावर असताना काकी गेल्या. ताप आला काय आणि आठ दिवसांत सगळं संपलं काय. दिवसकार्य आटोपल्यावर पात्रांव पुस्तक परत घेऊन आले. मध्ये खुणेला काकींची केसांची पिन होती. मी म्हटलं, राहू दे ना अजून थोडे दिवस. त्यांनी विचारलं, "कोणासाठी?" पिन काढून खिशात ठेवली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

तरी शनिवारी यायचं त्यांनी सोडलं नाही. बसत, ऐकत. पुस्तक मात्र नेत नसत.

आणि मग त्या कादंबरीवर सिनेमा आला. सिनेमा लागायच्या आधीच आमच्यात दोन तट पडले. नट फार उंच आहे, असं एकाचं म्हणणं. मास्तरांना भीती वाटत होती ती गाण्यांची. शेवटी आम्ही सगळे मिळून म्हापशाला दुपारच्या खेळाला गेलो. पात्रांव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. वादळाच्या प्रसंगात पडद्यावरचं गलबत कललं की तेही खुर्चीत विरुद्ध बाजूला कलत. शेजारच्या बाईंना त्यांचा खांदा दोनदा लागला. मध्यंतरात त्यांनी मास्तरांना सांगितलं, शिडं एका वाऱ्याने फुगली आहेत आणि झेंडा दुसऱ्याच वाऱ्याने फडकतोय. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

शेवटी तांडेल मरतो. डोलकाठीला टेकून, छातीत गोळी, आणि मागे लांबलचक गाणं. दिवे लागले, लोक उठले. पात्रांव बसूनच होते. मी हाताला धरलं तेव्हा उठले. 

पुढच्या शनिवारी वाचनालयात नुसती रणधुमाळी. जहाज फार स्वच्छ होतं, वैद्याचं पात्र गाळलंच, असं बरंच काही. कुणीतरी पात्रांवांना विचारलं, तुम्हाला कसा वाटला?

"आवाज तो नाय," ते म्हणाले.

मास्तरांनी लगेच दुजोरा दिला, की त्या नटाला मराठी उच्चारच जमत नाहीत. बाकीच्यांनी माना डोलवल्या. मी रजिस्टरात डोकं घातलं.

त्यानंतर तीन शनिवार पात्रांव आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी मास्तर पुन्हा सिनेमावर घसरले. म्हणाले, बाकी सगळं माफ, पण शेवट? पुस्तकात तांडेल मरतो कुठे? म्हातारा होऊन चालत घरी येतो की!

ते ऐकलं आणि मी रजिस्टर मिटलं. पात्रांव सहाव्या खंडाच्या मध्यावर थांबलेले. त्यांच्यासाठी तांडेल म्हापशाच्या थिएटरात मेला होता.

रविवारी सहावा आणि सातवा खंड पिशवीत घालून मी केरीची बस पकडली. पात्रांव सोप्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. दाढी वाढलेली. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की पुस्तकात तांडेल मरत नाही.

"कोण सांगता?"

"मी वाचलंय, पात्रांव. शेवटपर्यंत वाचलंय."

ते उठले. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले, तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाच तर."

मी सुरुवात केली. तांडेलाचं पहिलंच वाक्य आलं तसा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, चुकलं काहीतरी. ते म्हणाले, "तो बोललो काय तू जरा थांब, बाये." मी थांबले. त्यांनी डोळे मिटले. क्षणभराने मान हलवून पुढे वाचायची खूण केली. तेव्हा मला उमगलं, की मी वाचलेलं वाक्य ते मनात पुन्हा ऐकून घेत होते, त्यांना हव्या त्या आवाजात. पुढे तीच आमची पद्धत झाली. सहाव्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाला सहा-सात रविवार लागले. सातवा तर पार उन्हाळ्यापर्यंत चालला. मधल्या काळात त्यांनी दाढी केली, शनिवारी यायला लागले, मास्तरांशी पूर्वीसारखे भांडायला लागले.

आता पात्रांव नाहीत. पुढच्याच वर्षी गेले. त्यांची आठवण निघाली की मला तो शेवटचा रविवार दिसतो.

सातव्या खंडाची शेवटची चार पानं उरली होती. म्हातारा तांडेल सुकाणू दुसऱ्याच्या हाती देतो, बंदरावर उतरतो आणि चालत गावाकडे निघतो. त्या पानांवर तो एक शब्द बोलत नाही, त्यामुळे मला कुठेच थांबावं लागलं नाही. तो घरी पोचतो. बायको दारात येते. इतकी वर्षं कुठे होतास, असं काही ती विचारत नाही. "पाय धू, भात उतरवतेय," एवढंच म्हणते. तिथे पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटायला गेले तर पात्रांवांनी हात पुढे करून पानावर ठेवला. जाळी ओढून घट्टे पडलेला हात. शेवटच्या ओळीवरून त्यांनी अंगठा सावकाश फिरवला.

"ह्या तिना वाचूक होया होता," ते म्हणाले.