गोदामायचा जिवंतपणीचा सत्कार

चहा आधी संपवून घ्या. गंमत नाही करत! मागं हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंच्या हातातून कपबशी सुटली, आणि कपबशी आमच्या घरची होती. सदतीस वर्षं मी शाळेत मास्तरकी केली. पोरांच्या चुकांवर लाल शाईच्या बाटल्या रिकाम्या केल्या. पण माझ्या हातून जे झालं ना, नाही, हातून कसलं, तोंडून जे झालं, त्याला शाई कुठून आणायची?

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडे. नाव सांगत नाही. गावानं तसं बजावलंय.

आता माझा एक दोष आधीच कबूल करून टाकतो. माइक दिसला की मला राहवत नाही. बारसं असो, निरोप समारंभ असो, पोळ्याच्या बैलजोड्यांची बक्षिसं असोत, सूत्रसंचालन आमच्याकडे! आणि तेही कागदाशिवाय बरं का. कागद बघून बोलणाऱ्या माणसाची मला कीव यायची. वाटायचं, काय बिचारा, दोन नावंही लक्षात राहत नाहीत याच्या.

तर झालं असं की, वर्षभरात गावात दोन मोठ्या शोकसभा झाल्या. दोन्ही सभांत मीच बोललो, आणि बोलता बोलता माझ्या मनात आलं, अरे, हे सगळं चांगलं चांगलं आपण ज्याच्याबद्दल बोलतो, तो माणूस तर ऐकायला नाही! मग काय उपयोग? मी ग्रामसभेत उठून म्हणालो, ज्यांनी गावासाठी जन्म घालवला त्यांचा सत्कार त्यांच्या डोळ्यांदेखत करू. सरपंचताईंना कल्पना भलतीच आवडली. मोठा फ्लेक्स छापला. त्यावर ठळक अक्षरं होती, ‘सन्मान जिवंतपणी!’ हे शब्द माझेच. लक्षात ठेवा, पुढं लागतील.

सत्काराला दोनच माणसं निवडली. एक गोदामाय. गावातली सुईण, वय ऐंशीच्या पुढं. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्याला पूर, अशा दिवसांत या बाईनं अर्धं गाव आपल्या हातानं जगात आणलं. मलाही तिनंच आणलं. कधी कुणाकडून पैसा मागितला नाही. दुसरे बळीराम नाना. गावात कुणी गेलं की पहिला निरोप नानांना. बांबू आणायचे, तिरडी बांधायची, सरण रचायचं, सगळं झाल्यावर घरच्यांना पाणी पाजून मगच घरी जायचं. जात बघितली नाही, भाऊबंदकी बघितली नाही. म्हणजे एक गावात आणणारी आणि एक गावातून पोचवणारा. वा! हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो.

गोदामायला आमंत्रण द्यायला गेलो. ती ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. तिला ऐकू जरा कमी येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं.

“सत्कार? माहा? कायले बाप्पा! हे हार-तुरे मेल्यावर करतात. मेली की करा, मंग म्या नाही म्हनाले येत नाही.”

“नाही माय, जिवंतपणीच करायचा हाय. माहा शब्द हाय तुले!”

“तुहा शब्द?” तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. “तू जनमला तवापासून ओळखते म्या तुले.”

शेवटी तयार झाली, पण एका अटीवर. “मले बोलाले लावायचं नाही.” मी म्हटलं, माय, तू फक्त बस, बोलायला मी आहे ना! वरून नाही नाही म्हणत होती, पण मी वळलो तशी तिनं शेजारच्या सुनेला हाक मारून मलकापूरला लेकीला फोन लावायला सांगितला. “शोभे, माहा सत्कार हाय व. ये. सत्कार हाय म्हनलं, सत्कार!” तीनदा सांगितलं. ऐंशी वर्षांत त्या बाईला कुणी एक नारळ दिला नव्हता हो. मला गलबलून आलं. मी ठरवलं, हा कार्यक्रम असा करायचा की गाव विसरणार नाही.

गाव विसरलेलं नाही.

आठ दिवस मी आरशासमोर भाषण पाठ केलं. ‘आपल्या गावासाठी आयुष्यभर झिजलेल्या गोदामाय आणि बळीराम नाना…’ अंघोळ करताना तेच, जेवताना तेच. कार्यक्रमाच्या सकाळी बायकोनं नावांचा कागद माझ्या खिशात कोंबला.

“काढा बरं वाचाले. आधी श्रद्धांजली हाय, मंग सत्कार. घोळ करसान.”

“घोळ? मी?” म्हणालो. “अगं, मले कागद लागत नाही.”

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. कार्यक्रम कुठलाही असो, वर्षभरात गेलेल्यांना आधी श्रद्धांजली, दोन मिनिटं मौन, मगच दीपप्रज्वलन. त्या वर्षी दोन मोठी माणसं गेली होती, विश्वनाथ पाटील आणि सरस्वतीकाकू. दोनच नावं! ती काय पाठ करायची?

अकराचा कार्यक्रम रीतीप्रमाणे एकला सुरू झाला. समाजमंदिरासमोर मांडव गच्च भरला होता. पहिल्या रांगेत गोदामाय, धुवट नऊवारी नेसून, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या नव्या पोरीसारखी ताठ बसलेली. तिच्याजवळ फेटा बांधून बळीराम नाना, आणि नानांना लागून त्यांचा थोरला पुतण्या. शोभा अजून पोचायची होती, गाडी उशिरा धावत होती. लाउडस्पीकरचे भोंगे थेट स्टँडपर्यंत लावलेले. म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना!

मी माइक हातात घेतला. आवाज खाली आणला. श्रद्धांजलीचा एक वेगळा आवाज असतो, तो माझा फार चांगला लागतो. “आपल्या गावासाठी आयुष्यभर झिजलेल्या…” मी सुरुवात केली. आणि तिथंच घात झाला! आठ दिवस ज्या वाक्याला जी नावं जोडली होती, तीच तोंडातून घसरत आली की हो!

“…आणि आज आपल्यात नसलेल्या गोदामाय आणि बळीराम नाना यांना दोन मिनिटं उभं राहून आपण श्रद्धांजली वाहू या.”

तुम्ही म्हणाल, लोकांनी लगेच अडवलं असेल. कशाचं! आपल्या लोकांना ‘श्रद्धांजली’ म्हटलं की पाय आपोआप उभे राहतात. सगळा मांडव खडखड करत उठला. टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या. सरपंचताई उठल्या. नानांचा पुतण्या उठला. गोदामायला ऐकू आलं नव्हतं, पण सगळे उठले म्हणून तीही उठली, हात जोडले, डोळे मिटले. स्वतःच्याच श्रद्धांजलीला!

मीही डोळे मिटले होते. मनात म्हणत होतो, काय आवाज लागलाय आज! मग सहज एक डोळा उघडला. समोर बळीराम नाना उभे राहून माझ्याकडे बघत होते. अगदी एकटक. फेटा बांधलेला, गळ्यात स्वागताचा हार, आणि तोंड उघडं.

मला कळेना, हे असे का बघतायत? आणि मग माझंच वाक्य माझ्या कानात परत वाजलं.

ओरडावं वाटलं, पण ओरडणार कसं? मौन चालू आहे ना! मौन मोडायची माझी तरी काय छाती? मीच तर पोरांना शिकवलं, मौनात पापणी हलवायची नाही. सदतीस वर्षं! घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद झाले होते.

तेवढ्यात टुंग. मग टुंग टुंग. मग सगळ्या मांडवात टुंग टुंग टुंग! भोंगा ऐकून घरी बसलेल्या कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, गोदामाय आणि बळीराम नाना गेले. झालं! पुढं कुणी विचारतंय? फुलं, समया, जोडलेले हात. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली! अहो, नानांना खेटून उभ्या असलेल्या पुतण्यानं मान खालीच ठेवून खिशातून फोन काढला, वाचला, आणि टाईप केलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली काका’. नाना वरून वाचत होते!

एक मिनिट झालं असेल नसेल, आणि स्टँडच्या बाजूनं हंबरडा ऐकू आला. शोभा! ती गाडीतून पाय खाली ठेवते न ठेवते तोच भोंग्यानं तिला तिची आई गेल्याचं सांगितलं होतं. मी सांगितलं होतं! डोळ्यांना पदर लावून ती मांडवात धावत आली, समोर काही दिसत नव्हतं, आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या म्हातारीच्या गळ्यात पडली.

“माही माय गेली व! एकदा भेटली असती तं! माही माय गेली!”

ती म्हातारी कोण? गोदामायच! मायनं एक डोळा उघडला, पदराआडचं तोंड न ओळखताच पाठीवरून हात फिरवला आणि मौन असल्यामुळं आपल्या समजुतीनं हळूच विचारलं. पण बहिरं माणूस हळू बोलतं ते किती हळू? सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

“उगी पोरी, उगी. कोनाची माय गेली व?”

शोभानं डोळ्यांवरचा पदर काढला. आईकडं पाहिलं. पुन्हा किंचाळली, आधीपेक्षा मोठ्यानं, आणि मटकन खुर्चीत बसली.

मौन संपलं.

मी माइकवर काय बोललो ते मला आठवत नाही. बायको म्हणते, “क्षमस्व, हे दोघं अजून गेलेले नाहीत, थोडा वेळ थांबा,” असं बोललो. तिसऱ्या रांगेतून विश्वनाथ पाटलांचा मुलगा उठला.

“मास्तर, आमच्या बाबांचं नावच घेतलं नाही तुमी. ते जिवंत हायेत काय मंग?”

“नाही, नाही, ते नक्की गेले!” मी घाईघाईनं म्हणालो. हे काय बोलायचं असतं? पण जीभ आता कुणाच्याच ताब्यात नव्हती.

सरपंचताई दातओठ खात म्हणाल्या, “मास्तर, खऱ्यांची नावं घ्या अन् पुन्हा दोन मिनिटं करा. नाहीतर त्या घरचे लोक उठून जातीन.” पुन्हा सगळे उभे. पुन्हा मौन. या वेळी मात्र सगळा मांडव हसू दाबत खांद्यांतून हलत होता, आणि बळीराम नाना फेट्याचा शेमला तोंडात कोंबून उभे होते. मौन संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

“मास्तर, मारलं ते मारलं. पन माही तिरडी कोन बांधीन, ते तरी इचारायचं होतं.”

नानांचं निभावलं. पण गोदामाय? शोभानं तिच्या कानात सगळं सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला. ती उठली. पिशवी घेतली.

“चाल शोभे, घरी. म्या पह्यलेच म्हनलं होतं, हे मेल्यावरचं काम हाय.”

त्या वाक्यानं मला जी चपराक बसली ना! जन्मात पहिल्यांदा या बाईला गावानं बोलावलं, ती लेकीला फोन करून मिरवली, धुवट लुगडं नेसून आली. आणि मी काय दिलं तिला? मी मंचावरून उतरलो नाही, अक्षरशः घसरलो. भर मांडवात तिचे पाय धरले.

“माय, चुकलो. काय वाटेल ते कर, पन अशी नको जाऊ.”

ती थांबली. मांडवाकडे पाहिलं. मागच्या बायका अजून डोळे पुसत होत्या, कारण मघाशी त्या खरंच रडल्या होत्या. मायनं त्यांना एकेकीला न्याहाळलं. मग माझ्याकडे हात केला.

“आन तो माइक.”

बोलणार नाही म्हणालेली बाई! तिनं माइक उलटा धरला, सरपंचताईंनी सरळ करून दिला.

“म्या मेल्यावर कोन रडीन, हे मले दिसलं असतं काय? नसतं दिसलं. आज दिसलं,” ती म्हणाली. “लय जनी रडल्या. अन् कोन मोबाईल पाहून राह्यला होता, तेही दिसलं.” नानांचा पुतण्या खुर्चीत अर्धा झाला. “म्हनून या मास्तरले बोलू नका. याच्यात चूक माही हाय.”

मी मान वर केली. वाटलं, माय किती मोठ्या मनाची!

“हा जनमला तवा रडलाच नाही. हात नाही हलवत, पाय नाही हलवत. घरात सारे म्हनाले, लेकरू गेलं. याच्या आजीनं तं रडनंही सुरू केलं. दोन मिनिटं, बरं का, पुरे दोन मिनिटं तोंडच उघडलं नाही यानं! मंग म्याच उलटा धरला अन् पाठीत एक चापट हानली. तवा जे तोंड उघडलं ते आजलोग बंद नाही झालं.” तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. “तवा म्हनलं मेलं नाही, जितं हाय. आज यानं मले जितेपनी मारलं. आता वाटते, तवा जराशी घाईच केली म्या.”

मांडव कोसळायचा तेवढा राहिला! टाळ्या, शिट्ट्या, हसणं. शोभा रडता रडता हसत होती. शाल, नारळ, सगळं झालं, मायनं नारळ पोटाशी धरून ठेवला. तिला घरापर्यंत वाजतगाजत नेलं. तसा सत्कार आमच्या गावात आजवर कुणाचा झाला नाही.

सूत्रसंचालन अजूनही माझ्याकडेच आहे. गावात दुसरं कुणी मिळत नाही. फक्त गोदामाय आता प्रत्येक कार्यक्रमाला येते आणि पहिल्या रांगेत बसते. मी माइक हातात घेतला की ती काही बोलत नाही. नुसती चापट मारायचा हात वर करते.

मी मुकाट्यानं खिशातून कागद काढतो.